न आलेली भीती

वासंतीबाई कोठाऱ्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. तोंड वाकडं, एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, अशी ती कित्येक वर्षं खाटेवर होती. तिला भरवायचं काम वासंतीबाईंकडेच होतं. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांचं डोकं ठणकू लागलं आणि गिरगावातल्या डॉक्टरांनी "ब्लडप्रेशर फार आहे" असं सांगितलं, तेव्हा त्यांना पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. त्या दिवसांत यावर धड उपाय नव्हता. मीठ सोडा, चिडू नका, पडून राहा, एवढंच.

परळच्या एका इस्पितळात डॉक्टर चिंतामणी गुप्ते एका मुळीपासून काढलेल्या नव्या औषधाचा अभ्यास करत होते. वासंतीबाईंचे यजमान अच्युतराव त्यांना तिथे घेऊन गेले.

"गुण येईल असं वाटतं, पण खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या नेमाने घ्यायच्या, आणि दर आठवड्याला तपासायला यायचं."

गुण आला. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर हवा भरत आणि पारा दर खेपेला आणखी खाली थांबे. नाक सतत चोंदलेलं राही, दुपारी झापड येई. पण डोकं ठणकायचं थांबलं. डॉक्टर इतर डॉक्टरांना बोलावून वासंतीबाईंना दाखवू लागले.

घरीही सगळे खूश होते. पूर्वी वासंतीबाई कोळणीशी हुज्जत घालत, शेजारच्या सुमतीबाईंशी गॅलरीतून मोठमोठ्याने हसत, कॉलेजातून उशिरा येणाऱ्या शरदचा कान धरत. आता त्या विचारल्याशिवाय बोलत नव्हत्या. "घर कसं निवांत झालंय," असं अच्युतराव आल्यागेल्याला सांगत.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. शरद सकाळीच मोर्चाला गेला. दुपारी गोळीबाराची बातमी आली, पाठोपाठ कर्फ्यू लागला. शरद आला नव्हता.

अच्युतराव खिडकीतून दारात आणि दारातून खिडकीत फेऱ्या घालत होते. सुमतीबाई पदराने डोळे पुसत आल्या. "वासंती, अगं पोरांना गोळ्या घातल्या म्हणतात गं!"

वासंतीबाई मटार सोलत होत्या. त्या सोलत राहिल्या. आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मुद्दाम मनात म्हणून पाहिलं, शरद मेला असेल. काहीच हललं नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. बधिर हाताला चिमटा काढावा तसं झालं.

सकाळी शरद आला. सदरा फाटलेला होता. रात्रभर खेतवाडीत मित्राकडे अडकला होता. अच्युतराव त्याला मिठी मारून रडले. वासंतीबाईंनी चहा पुढे केला.

"आई, तू काहीच बोलत नाहीस?" शरदने विचारलं.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

कर्फ्यू उठल्यावर त्या एकट्याच परळला गेल्या. बाकावर काळाचौकीची नलू बसली होती. गिरणी कामगाराची बायको, तीही याच गोळ्या घेत होती.

"नलू, तुला रडू येतं का गं?"

"नाय बाय. आमच्या आळीतला पोरगा गोळीने गेला. बायका ऊर बडवत होत्या नि मी नुसती उभी. घरातली म्हणतात, ही दगड झाली."

वासंतीबाई तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, आज मुंबईत सुखी कोण आहे? प्रत्येकाच्या घरात दुःख आहे."

"दुःख झालं असतं तर मी आलेच नसते, डॉक्टर. मला ते होतच नाही. मुलगा घरी आला नाही, आणि मी मटार सोलत होते."

डॉक्टर उठून बाहेर गेले आणि बाकावरच्या एकेकाला तेच विचारू लागले. काहींनी हसून तसं काही नाही म्हटलं. काहींनी नुसती मान खाली घातली.

"झोप विचारली, भूक विचारली," परत आल्यावर ते म्हणाले. "हे विचारायचं मला सुचलं नाही. गोळ्या हळूहळू कमी करता येतील. पण प्रेशर पुन्हा चढेल. तुमच्या आईंचं तुम्ही सांगितलंय मला."

"ठाऊक आहे. कमी करा."

नलू मात्र कबूल होईना. "माझी पोरं लहान आहेत, बाय. मी आडवी पडले तर त्यांना कोण बघणार? दगड असले तर असले, उभी तर आहे."



गोळ्या उतरत गेल्या, तसा पारा चढत गेला. नाक मोकळं झालं, डोकं ठणकू लागलं. एके दिवशी शरद सभेला म्हणून निघाला. वासंतीबाई त्याच्यावर ओरडल्या, रडल्या, तो गेल्यावर गॅलरीचा कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. छाती धडधडत होती. भीती परत आली होती, आणि तिच्यामागे आईची खाटही.

"अगं, शांत हो," अच्युतराव घाबरून म्हणाले. "गोळ्या पुन्हा सुरू करूया का?"

वासंतीबाई शरद परतेपर्यंत आत आल्या नाहीत.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि आकडा सांगायचं टाळलं.

"दुसरं काही औषध?"

"अजून नाही. शोधतोय."

वासंतीबाई बाहेर आल्या. नलू आपल्या नंबराची वाट बघत समोरच्या भिंतीकडे पाहत होती. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. नलूने तो काढून घेतला नाही, वासंतीबाईंचा हात दाबलाही नाही.