पेकहॅमबाईंचं टेबल मी खाल्लं

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. आता गोठ्यामागे गंजत पडले आहे, कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालतात. पण एके काळी कनेक्टिकटमधल्या एका खेड्यातली अख्खी शाळा माझ्याभोवती बसायची बरं!

तेव्हा शाळेला लाकडं घराघरांतून येत. ज्याच्या घरचं लाकूड, त्याचं मूल माझ्याजवळ. बाकीची दाराशी कुडकुडत. शाळेत शिकवणाऱ्या लॉइस पेकहॅमबाईंना ही रीत मुळीच आवडत नसे, पण शाळा चालवणाऱ्या गावच्या पंचांपुढे त्यांचं काही चालेना.

मग बाईंनी धोबिणीच्या मुलीला, डॉर्कसला, शाळेत घेतलं. डॉर्कस काळी होती, आणि गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांना तेव्हा कुणी बसू देत नसे. पंच स्टोडार्ड तणतणत आले.

"ही पोर घरी जाईल, नाहीतर एकाही घरचं लाकूड येणार नाही!"

"नका देऊ," बाई म्हणाल्या. "डॉर्कस इथंच शिकेल."

लाकडं बंद झाली. माझं पोट थंडगार, दौतीतली शाई गोठलेली. तिसऱ्या दिवशी बाईंनी आपलं टेबल कुऱ्हाडीनं फोडून माझ्यात घातलं. मग खुर्ची. उभ्यानं शिकवलं हो त्यांनी! इतकं सुकं, झकास लाकूड मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि इतकं रडूही मला कधी आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी जाळायला काहीच उरलं नाही. डॉर्कस पाटी घेऊन उठली.

"जाते मी, बाई. माझ्यापायी सगळे गारठतात."

तेवढ्यात स्टोडार्डांची मर्सी शालीखाली ओंडका लपवून आत आली.

"वडलांना विचारलंस का गं?" बाईंनी विचारलं.

"कशाला? ज्याचं लाकूड त्यानं जवळ बसायचं, हा त्यांचाच नियम. हे लाकूड माझं, आणि माझी जागा मी डॉर्कसला दिली. बस गं, उभी काय राहिलीस!"

दुसऱ्या दिवशी सात ओंडके आले.

बर्फ वितळल्यावर पंचांनी बाईंना काढून टाकलंच. पण तोवर डॉर्कस घडाघडा वाचू लागली होती. बाईंनी दूरच्या गावी काळ्या मुलींची शाळा काढली आणि मोठेपणी डॉर्कस तिथंच शिकवायला गेली, असं लिहिलेलं तिचं पत्र मर्सीनं माझ्याशेजारी बसून वाचलं होतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या वर्गातून एखादं मूल दप्तर उचलून निघालं, तर त्याला जाऊ देऊ नका. जरा सरकून बसा.