तेलाची वडी

भंवरलाल सुराणांच्या जालन्यातल्या घरी तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतायची सोय नव्हती. त्यात मुंग्या-किडे चिकटून मरतात, म्हणून त्यांच्या पत्नी चंदाबाई ते डब्यांत भरून ठेवत. जिन्याखाली पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा भंवरलाल म्हणाले, "ह्या घरात आपण राहायचं का तेलानं?"

नात रूपल सुट्टीला आली होती. ती विद्यापीठात रसायनशास्त्र विभागात जेलवर संशोधन करायची, म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं एरंडेलापासून केलेली पांढरी पूड आणली होती. पातेलंभर तेल तापवून तिनं ती त्यात विरघळवली आणि पातेलं ओट्यावर ठेवलं.

"आता हात लावायचा न्हाई, दादाजी. तेल निवताना रेणू एकमेकांना धरतात."

"कोण रेणू?" चंदाबाईंनी विचारलं.

"पुडीचे बारीक बारीक कण, दादी. त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते. तेल त्या जाळीत अडकून बसतं. घट्ट झालं की कचऱ्यात टाकता येतं, किडा-मुंगी चिकटत न्हाई."

"जाळी विणतं कोण?" भंवरलाल म्हणाले.

"कुणी न्हाई. आपले आपण जमतात."

भंवरलालांचा जन्म बियाण्याच्या दुकानात गेलेला. मूठ घालून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी पोतं उचलू दिलं नव्हतं. रूपल फोनवर बोलायला अंगणात गेली आणि त्यांनी तेलात चमचा घातला. थोड्या वेळानं परत घातला. रूपल आली तेव्हा पातेल्यात नुसता गिचका होता.

"ढवळलं का?"

"जमले का ते बघून राह्यल्तो."

रूपलला हसू आलं. "जाळी तुटली. पण रेणू तेच हायेत. परत तापवू, परत जमतील."

या वेळी चंदाबाईंनी नवऱ्यापुढे मटाराच्या शेंगांची टोपली ठेवली. "हे सोला. मी सांगेपर्यंत उठायचं न्हाई."

ते सोलत राहिले, मान मात्र स्वयंपाकघराकडे.

दिवस मावळायच्या आत रूपलनं पातेलं ताटात उपडं केलं. धप्प आवाज झाला आणि पिवळीधमक, गुळगुळीत वडी बाहेर आली. भंवरलालांनी बोट पुढं नेलं आणि तसंच मागं घेतलं.

"कुणी विणलं न्हाई," ते बायकोला हळूच म्हणाले.

मग त्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. परभणीच्या बहिणीचा लगेच मेसेज आला, 'वडी मस्त जमली. साखर किती घातली?'

भंवरलालांनी खरं ते लिहिलं, 'बिलकुल नाही.'

'अरे वा. मंग आमच्या ह्यांना शुगर हाये, त्यांना चालेल. पाठव थोडी.'

रूपलनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.