आंदणात गेलेली किल्ली

या, जरा पुढे सरका. ओट्यावरच्या मायबापांनी पण सतरंजीवर यावं, लांबून गोष्ट कानात शिरत नाही. आज देवादिकांची नाही, आमच्या खैरपाड्याच्या ग्रामपंचायतीची गोष्ट सांगतो.

ती पंचायत आता नाही. शेजारच्या शहराची हद्द वाढली आणि सरकारने आमचं गाव त्यात मिसळलं. लाडकीबाई शेवटच्या सरपंच. त्या म्हणाल्या, "पंचायत आपली लेक. सासरी चाललीय, तिला रिकाम्या हाताने कशी पाठवायची?"

मग आम्ही शहाणे वाजतगाजत शहराच्या कचेरीत गेलो. साहेबांपुढे नारळ ठेवला आणि दप्तराबरोबर भजनाच्या खोलीची किल्लीही देऊन आलो. ती खोली पंचायतीची नव्हतीच. लाडकीबाईंच्या जागेवर गावाने श्रमाने बांधलेली; आत आमची वीणा, मृदंग, टाळ. किल्ली कुणी मागितली नव्हती हो.

लगेच खोलीला कचेरीचं कुलूप लागलं.

यंदा नरपडच्या बुवांचं कीर्तन ठरलं. लाडकीबाई अंथरुणाला खिळलेल्या, पण ते कीर्तन त्यांना त्याच खोलीत ऐकायचं होतं. मी कचेरीत चकरा मारल्या. काउंटरवर तुषार बसायचा.

"काका, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणा."

"अरे, ती तुमच्यातच आली ना?"

"आली. पण पत्र तिचंच लागतं."

"मग पाठव तिला चार दिवस माहेरी. पत्र लिहून घेतो."

तुषार हसला. किल्ली काही दिली नाही. "साहेब चारोटीला मीटिंगला गेलेत, सोमवारी या." सोमवारी गेलो तर साहेबांची बदली झालेली.

कीर्तनाच्या दिवशी बुवा दारात येऊन उभे राहिले. लाडकीबाईंना आम्ही खाटेसकट उचलून आणलं होतं. आमच्या भजनातल्या तरण्या भिकाने पहार काढली.

"लय झालं. खोली आपली, तोडतो कुलूप."

"पहार ठेव खाली," लाडकीबाई म्हणाल्या. "आंदण दिलेलं कुणी फोडून आणतं का?"

"आजी, कसली लेक नि कसलं आंदण? कचेरी आहे ती."

"तुला कचेरी. मी वाढवलीय तिला."

भिकाने पहार खाली ठेवली. बुवा पायरीवरच उभे राहिले, आम्ही हातांनी ताल धरला. अर्धं निरूपण रस्त्यावरच्या ट्रकांनी खाल्लं. लाडकीबाई मान पुढे काढून, हात कानामागे धरून ऐकत राहिल्या. महिनाभरात त्या गेल्या.

पांडुरंगा, माझा राग अजून उतरत नाही. कचेरीवर आहे, आमच्या मिरवणुकीवर आहे, की पहार खाली ठेवायला लावणाऱ्या त्या बाईवर, तेही कळत नाही. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही. तेव्हा मायबापहो, आता गजर कराल, तेव्हा मनात एकदा लाडकीबाईंची आठवण काढा.