हॉटकेसमधली काडतुसे

कॅनडातल्या ग्वेल्फ नगरात एकाच गल्लीत, एकमेकांना खेटून, दोन निवृत्त गृहस्थ राहत असत. पैकी नंदकुमार चौबळ हे यंत्र-अभियंता, आणि दीनानाथ करंदीकर हे दंतवैद्य. उभयतांची चाळीस वर्षांची मैत्री होती, आणि एकमेकांची फजिती पाहिल्यावाचून दोघांनाही दिवस गोड जात नसे.

नगराबाहेरच्या रायफल क्लबात दोघेही नेमबाजी करीत. त्या शरदात त्यांच्यात पैज लागली. दोनशे मीटरवर टांगलेली ताटलीएवढी लोखंडी चकती, प्रत्येकी दहा बार, आणि काडतुसे मात्र ध्वनीहून कमी वेगाची, ज्यांस क्लबातले लोक सबसॉनिक म्हणतात, तीच वापरायची. हरेल त्याने बर्फ वितळेपर्यंत दोन्ही घरांचे ड्राइव्हवे शोव्हल करायचे, म्हणजे फावड्याने बर्फ उपसायचा. नंदकुमारांचे वय बहात्तर, आणि त्यांच्या कमरेने मागील हिवाळ्यातच हात टेकले होते. त्यामुळे ही पैज त्यांच्या दृष्टीने थट्टेची राहिली नव्हती.

मंद गोळीचा एक गुण असा, की ती वाटेत ध्वनीची वेस ओलांडीत नाही, म्हणून मध्येच डगमगत नाही. परंतु अवगुणही मोठा. दोनशे मीटर जाईस्तोवर ती माणसाच्या उंचीहून अधिक खाली येते. तेवढे रायफलीचे तोंड आधीच वर धरावे लागते. शिवाय काडतूस गारठले की वेग घटतो आणि गोळी आणखी खाली पडते. नंदकुमारांनी उन्हाळाभर बार काढून एका वहीत हिशोब मांडला होता, तो सारा वीस अंशांचा. पैजेचा दिवस मात्र डॉक्टरांनी मुद्दाम नोव्हेंबरातला निवडला. पारा शून्याखाली चार होता.

तथापि अभियंता तो अभियंताच. नंदकुमारांनी पत्नी सुहासिनीबाईंचे स्टीलचे हॉटकेस मागून घेतले, काडतुसे वीस अंशांवरच राहावीत म्हणून कोमट फडक्यात त्यांची डबी गुंडाळून आत ठेवली आणि वर घट्ट झाकण लावले. दही विरजताना दुधात बुडवायचा तापमापकही त्यांनी खिशात घातला.

रेंजवर डॉक्टरांची पाळी आधी आली. त्यांनी गेल्या हिवाळ्यातच गारठ्यातले बार मोजून ठेवले होते, म्हणून काडतुसे उबेत ठेवण्याची त्यांना गरज नव्हती. दहापैकी सहा वेळा चकती टणकन वाजली. डॉक्टर हातमोजे चढवीत उठले आणि नंदकुमारांना कोणत्या दुकानात चांगले फावडे मिळते ते सांगू लागले.

नंदकुमारांनी हॉटकेस उघडले. आत चांदीच्या कागदात गुंडाळलेली पाच थालीपिठे वाफाळत होती. सुहासिनीबाईंच्या घरातून हॉटकेस रिकामे बाहेर जाण्याचा रिवाज नव्हता. यजमान पेट्रोल भरायला गेले असता त्यांनी झाकण काढले, आत काहीतरी फडक्यात गुंडाळलेले पाहिले, आणि त्याच्यावर गरम थालीपिठे रचून झाकण पुन्हा बसवले. त्यांच्या समजुतीने नवऱ्याने हॉटकेस मागितले ते खाण्यासाठीच. नंदकुमारांना बायकोच्या मायेचे भरतेच आले, आणि त्यांनी थालिपिठांखालून डबी काढून पहिला बार काढला.

गोळी चकतीच्या वीतभर वरून मागच्या मातीच्या बांधात घुसली. दुसरी तिथेच. तिसरीही.

तेव्हा त्यांना शंका आली. तापमापक डबीत खुपसला, तर काटा चव्वेचाळीसवर. काडतुसे तापून गोळी जोमाने वर चालली होती. वहीत चव्वेचाळीसचा रकानाच नव्हता, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीची जुळवणी पहिल्या बारानंतर बदलायची नाही, नेमही मध्यावरच धरायचा, अशी दोघांची अट होती. आता उरलेल्या सातही गोळ्या लागल्या तरच सुटका. गार होईस्तोवर थांबावे म्हटले, तर मध्ये विश्रांती मागणेही अटीत बसत नव्हते. त्यांनी डबी पुन्हा हॉटकेसमध्ये ठेवली, आणि त्यांचे मन फावड्याकडे गेले.

इतक्यात डॉक्टरांच्या नाकात थालीपिठाचा वास शिरला, आणि त्यापाठोपाठ डोक्यात खोडी. नंदूचा सारा भरवसा काडतुसांच्या उबेवर आहे हे त्यांनी ताडले होते. त्यांनी रेंज ऑफिसर लॉरेनबाईंना सुचवले, की चकतीवरचा पांढरा रंग उडाला आहे, नवा फासल्यास बरे. ते खरेच होते. बाईंनी गोळीबार बंद केला, दोघांच्याही रायफली उघड्या करून बाजूला ठेवायला लावल्या, आणि रंगाचा डबा घेऊन त्या दोनशे मीटर चालत निघाल्या.

डॉक्टरांनी हॉटकेसचे झाकण काढून लांब ठेवले, फडके सोडले आणि एक थालीपीठ उचलले.

नंदकुमारांना एकाएकी सारे उमगले. डबी गार होणार ती डॉक्टरांच्याच हातून. चेहरा मात्र त्यांनी रडवेला केला.

"डॉक्टर, झाकण लावा हो. काडतुसं गार पडतील."

"पडू दे की."

"निदान लवकर खा."

"नंदू, चाळीस वर्षं पेशंटना काय सांगत आलो? घास बत्तीस वेळा चावायचा. आता तुझ्यासाठी रूल ब्रेक करू?"

"माझी कंबर बघा. हिवाळाभर मी शोव्हल कसं करणार?"

"दुपारी करत जा. ऊन असतं," असे म्हणून डॉक्टरांनी दुसरे थालीपीठ उचलले.

नंदकुमार विनवण्या करीत राहिले, आणि ते जितके विनवीत तितके डॉक्टर सावकाश चावीत. मध्येच डॉक्टरांनी दातांच्या बळकटीसाठी थालीपीठ कसे हितकारक हेही समजावले. नंदकुमारांचा डावा हात कोटाच्या आडून डबीत खुपसलेला तापमापक धरून होता. काटा तीसवर आला. पुढे पंचवीस. तिसरे थालीपीठ संपता संपता लॉरेनबाई परतल्या आणि काटा वीसला टेकला.

नंदकुमारांचे रडे तिथल्या तिथे आटले. काडतुसे आणखी निवण्याच्या आत त्यांनी सातही बार लागोपाठ काढले. सातही वेळा चकती वाजली. डॉक्टरांच्या हाती चौथ्याचा तुकडा तसाच राहिला.

"तापमान किती होतं रे?" डॉक्टरांनी घरी परतताना गाडीत विचारले.

"आधी चव्वेचाळीस. तुम्ही जेवून वीसवर आणलंत."

डॉक्टरांनी चौथ्याचा उरलेला तुकडा हॉटकेसमध्ये परत ठेवला.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. वचनाला जागून डॉक्टर फावडे घेऊन हजर झाले आणि आपला ड्राइव्हवे उरकून त्यांनी चौबळांचा अर्धा साफ केला. तेवढ्यात सुहासिनीबाईंनी दार उघडले. आपल्या अंगणात राबणारा माणूस उपाशी जाणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी डॉक्टरांना आत बसवले आणि समोर हॉटकेस ठेवले. नंदकुमारांनी आधी काम पुरे होऊ दे असे सुचवून पाहिले. त्यावर बाईंनी नवऱ्याकडे असे पाहिले, की नंदकुमारांनी स्वतःच डॉक्टरांपुढे पाणी आणून ठेवले.

डॉक्टर चावू लागले. बाहेर साफ केलेल्या भागावर पुन्हा पांढरा थर चढू लागला, आणि तासाभराने नंदकुमारांना बाजारात जायचे होते. दुसऱ्या थालिपिठाच्या सुमारास त्यांनी गुपचूप बूट चढवले, कमरेला पट्टा आवळला आणि डॉक्टरांचेच फावडे उचलले.

खिडकीच्या काचेआडून डॉक्टरांनी, हातात तुकडा तसाच ठेवून, डावीकडचा कोपरा राहिला असल्याची खूण केली.