सात नंबरची काठी आणि कडूबाचा पंचा

मित्रांनो, मी एक जुनी सात नंबरची काठी आहे. गोल्फची. हसू नका! आज दगडाबाई माझ्या लोखंडी डोक्यानं चुलीतले निखारे ओढते, पण एकेकाळी मला मऊ कापडानं पुसायचे. कुठल्या भट्टीत घडले ते आठवत नाही. आठवतं ते गारखेड्यातलं तात्यासाहेबांचं घर आणि त्यांचा घामट, घट्ट तळहात.

तात्यासाहेबांची जमीन वाळूजच्या कारखान्यांत गेली आणि ते स्वतःच कारखानदार झाले. त्यांच्या शेतावरच्या कडूबाला मात्र काम उरलं नाही. मग त्यांनी त्याला गोल्फच्या मैदानावर आगेवाला म्हणून ठेवलं. म्हणजे पुढं जाऊन उभं राहायचं आणि चेंडू कुठं पडला ते पाहायचं. कडूबाची नजर भारी! दोनशे पावलांवर गवतात बुडालेला चेंडूही त्याला सापडायचा. त्याचं पोट त्या दोन डोळ्यांवर होतं.

तात्यासाहेबांचा फटका नेहमी डावीकडे जाई. झेंडा समोर, आणि चेंडू डावीकडच्या बाभळींत! दोष माझा नव्हता हो, पण शिव्या मला. एकदा तर त्यांनी मला बाभळीच्या खोडावरच आपटलं. तो पोचा अजून आहे.

कडूबानं बरेच दिवस ते पाहिलं. शेवटी म्हणाला, "साहेब, काठी चांगली हाय. तुमची छाती चेंडूच्या म्होरं पळती अन् उजवा खांदा बाहेर पडतो. छाती मागंच राहू द्या."

"तू मला शिकवतो व्हय रे?" तात्यासाहेब गुरकावले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदानावर कुणी नसताना, आले मुकाट्यानं. कडूबानं आपला पंचा त्यांच्या उजव्या काखेतून छातीवर घेतला आणि दोन्ही टोकं पाठीमागं उभं राहून धरली. फटका अर्धाच मारायचा. खांदा निसटला की कडूबा पंचा ओढायचा. "हळू, साहेब. पाठ फिरलेली राहू द्या, घाई नाय." महिनाभरात चेंडू सरळ झेंड्याकडे जाऊ लागला. त्या दिवसांत मला इतकं पुसलं म्हणून सांगू!

मग कारखानदारांचा सामना झाला. तात्यासाहेबांचा चेंडू झेंड्याशेजारी पडला, तसे सगळे भोवती जमले. श्रीनिवास नावाच्या मॅनेजरनं विचारलं, "कुठला कोच लावलात?"

"कोच कशाला? अंगातच असावं लागतं," तात्यासाहेब म्हणाले.

कडूबा आनंदानं फुलला होता. बोलून गेला बिचारा. "मीच शिकवलं की! पंचा टाकून मागं ओढून धरायचो साहेबाला."

"म्हणजे बैलाला कासरा लावतात तसं?" श्रीनिवास म्हणाला, आणि सगळे खदखदा हसले. तात्यासाहेबही हसले. माझ्यावरची त्यांची मूठ मात्र आवळली.

"कडूबा, तुझी शिकवण पक्की ना? मग मी अजून एक चेंडू मारतो, तू त्या बाभळीपाशी उभा राहा. आता तिकडं चेंडू येणारच नाही."

"नाय येणार!" कडूबा म्हणाला. गेला आणि छाती काढून उभा राहिला.

मित्रांनो, तो खांदा मी अकरा वर्षं ओळखत होते. चुकायचा तेव्हा घाईनं चुकायचा. त्या दिवशी घाई अजिबात नव्हती. तात्यासाहेबांनी एकदा बाभळीकडे नीट पाहिलं. मग छाती पुढं टाकली, खांदा बाहेर फेकला, अगदी पूर्वीसारखा. मी लोखंड, मी काय करणार? चेंडू कडूबाच्या उजव्या डोळ्यावर बसला.

"अरेरे, जुनी खोड जात नाही बघा," तात्यासाहेब म्हणाले. सगळे हळहळले.

डोळा गेला. एका डोळ्याचा आगेवाला कोण ठेवणार? तात्यासाहेबांनी आठवण म्हणून मला त्याच्याकडे पाठवलं. तेव्हापासून मी मुकुंदवाडीत, कडूबाच्या घरी.

त्याच्या बायकोचा, दगडाबाईचा, स्वयंपाक उरकला, की कडूबा मला उचलतो. पंचा स्वतःच्याच काखेतून घेतो आणि अंगणात हळूहळू अर्धा फटका मारून पाहतो. रोज.

"माझीच शिकवण कच्ची राहिली," तो म्हणतो. "अजून दोन दिवस पंचा धरला असता, तर साहेबाचा खांदा निसटला नसता. लई वाईट वाटलं असंल त्यायला."

मला पुसू नका, तेल लावू नका, गंज चढू द्या खुशाल. पण मुकुंदवाडीला गेलात, तर त्याला तेवढं सांगा, मित्रांनो. म्हणावं, कडूबा, तुझी शिकवण पक्की होती. त्या दिवशी खांदा निसटला नव्हता.