पिवळी कमळं कुणी सोडली

चाकणच्या एका कंपनीत जयमाला माळीकाम करायची. लातूरहून नवऱ्याबरोबर आलेली, कुरुळीच्या पुढं वाघजाईवाडीत तळ्याकाठी भाड्याच्या खोलीत राहणारी. कंपनीच्या फाटकापाशी सिमेंटचा हौद होता आणि त्यात पिवळी कमळं. दिसायला देखणी, पण दोन महिन्यांत हौद गच्च भरायचा. मग उपसायची पाळी जयमालावर यायची.

बागेचे सुपरवायझर लक्ष्मणराव दरवेळी बजावायचे, "हे वाळवून जाळायचं. ओढ्यानाल्यात अजिबात टाकायचं नाही."

चार वर्षांपूर्वी तिनं दोन कंद डब्याच्या पिशवीत घालून घरी नेले आणि तळ्यात सोडले. दारातून फूल दिसावं, एवढीच हौस. लक्ष्मणरावांचं बोलणं तिला आठवलं नव्हतं असं नाही. एवढ्या मोठ्या तळ्यात दोन कंदांनी काय होणार, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

पहिल्या वर्षी लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. दुपारी फुलं उमलली की जयमाला मनातल्या मनात फुशारून जायची. तिसऱ्या वर्षी मात्र पानावर पान चढलं, पाणी दिसेना. तळ्यातली जुनी पांढरी कमळं कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. विमलबाईंचं जाळं देठांत अडकून फाटायला लागलं. या विमलबाई गावच्याच. सासऱ्यांपासून तळ्यातली मरळ आणि चिलापी धरून बाजारात विकायचं काम त्यांच्या घरात चालत आलेलं. गेल्या मे महिन्यात एका सकाळी त्या काठावर आल्या, तर मासे पांढरी पोटं वर करून पानांच्या फटींत अडकलेले.

गावानं दोष दिला नवनाथला. तळ्याच्या वरच्या अंगाला त्याचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. ग्रामसभेत विमलबाईच सगळ्यात आधी उठल्या. "ह्याच्या साबणानं माझं मासं मेलं! ह्याला गावात ठिवू नका!"

"मावशी, माझं पाणी पलीकडच्या उताराला जातंय. येऊन बघा की," नवनाथ म्हणत राहिला. बघायला कुणी गेलं नाही.

जयमाला बायकांच्या घोळक्यात बसली होती. नळ आटला की याच नवनाथच्या बोअरवरून ती हंडे भरायची. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. आपण उठावं, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा पदर तोंडाशी धरून ती बसून राहिली. महिन्याभरात सेंटरला कुलूप लागलं. नवनाथ वाकडला जाऊन कॅब चालवायला लागला.

तिला जेवण जाईना. शेवटी तिनं कुणा नातेवाइकाच्या गावची गोष्ट असल्यासारखं करून, तळ्यात ही कमळं माजली आणि मासे मेले, असं कसं झालं, ते लक्ष्मणरावांना विचारलं.

"मासे मरणारच," ते म्हणाले. "पानांनी पाणी झाकलं की खाली ऊन जात नाही. खालचं शेवाळ, गवत कुजतं. पाण्यातली हवा संपते, मासा गुदमरतो. आणि ते बी नुसतं धरत नाही, चिखलातून आडवं पळतं. मुळाशी केळ्यांच्या घडासारखे कंद असतात. एक जरी राहिला तरी पुन्हा सगळं तळं त्याचंच."

"साबणाच्या पाण्यानं नाही मरत?"

"मरतील की. पण इतकी पानं असल्यावर साबण कशाला हवा?"

त्या संध्याकाळी खोलीवर न जाता ती सरळ विमलबाईंच्या ओट्यावर गेली. बाई भाकरीचं पीठ मळत होत्या.

"मावशी, ती पिवळी कमळं मी आणून सोडली. कंपनीतून. नवनाथदादाचा काही गुन्हा नाही."

विमलबाईंचे हात परातीतच थांबले.

"सभेत व्हतीस का तू?"

"होते."

"मी त्या पोराला भर गावात नाही नाही ते बोलले, आन् तू ऐकत बसलीस." त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "जा आता. माझ्यापुढनं जा."

दुसऱ्या दिवशी जयमालानं नवनाथला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"ताई, मशीन विकलं मी," तो म्हणाला. "शेडपण मोडलं. आता सांगून काय करू?" मग म्हणाला, "पॅसेंजर आलाय. ठेवतो."

पुढच्या ग्रामसभेत ती उठली. कमळं आपण सोडली, नवनाथचा दोष नाही, असं तिनं त्याचं नाव घेऊन स्पष्ट सांगितलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, बाहेरून येतात आणि गाव बिघडवतात. घरमालकानं खोली सोडायला सांगितली. तिनं कुरुळीत दुसरी बघितली.

तेव्हापासून दर रविवारी ती सहा आसनी रिक्षानं वाघजाईवाडीला येते, कमरेइतक्या पाण्यात उतरते आणि चिखलात हात घालून कंद उपटते. काठावर आणून उन्हात वाळत घालते, मग जाळते. पहिले कित्येक रविवार ती एकटीच होती. एके दिवशी पलीकडून पाणी हललं. लुगडं वर खोचून विमलबाई उतरत होत्या. त्या जयमालाशी बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी हातभर लांब मूळ ओढलं आणि बाहेर फेकलं.

नवनाथ मात्र गावात परत आला नाही. तळं अजून अर्धं झाकलेलंच आहे.