मॅनेजरचा उन्हाळा

“कात्री लावायची नाही, पोरी. उकाडा वाढला, बघून कीव आली, चार लोकांनी चार गोष्टी सांगितल्या, तरी कात्री नाही. फणीने आतली लोकर तेवढी काढत राहायची. वरचे केस हा त्याचा पडदा आहे. जाड पडदा ओढून घेतला की खोलीत ऊन येतं का? तसंच ते.”

सासऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा ते रुग्णवाहिकेत आडवे पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड पांढरंफटक, आणि जीव सगळा कुत्र्यात. पायाशी उभा असलेला नवरा वैतागला. “बाबा, आधी स्वतःचं बघा हो. कुत्र्याचं काय घेऊन बसलात!”

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेचा हात धरून ते म्हणाले, “हा तुझा रोजचा नेम समज. नेम म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आणि नाहीच जमलं, तर मला सरळ सांग. मी रागावणार नाही. पण मला फसवू नकोस.”

“शब्द देते, बाबा.”

शब्द देणं तिला सोपं वाटत नसे. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मग ताप असो की पाहुणे असोत. सासऱ्यांना ते ठाऊक होतं. म्हणूनच पोटच्या मुलाला सोडून त्यांनी तिचा हात धरला होता.

त्यांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे धुलाईची यंत्रं, बॉयलर, इस्त्रीची टेबलं, आणि वरच्या मजल्यावर घर. काउंटरच्या बाजूला एक पांढरा ढीग पसरलेला असे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, धुवायला आलेल्या रजया आहेत. मग तो ढीग जांभई द्यायचा. वासराएवढा कुत्रा, मानेभोवती आयाळ, शेपूट तर नुसती झालर. सासरे त्याला मॅनेजर म्हणत. कोणी कपड्यांची घाई केली की ते म्हणत, “माझ्या हातात काही नाही. मॅनेजरना विचारा.” आणि मॅनेजर खरंच मान वर करून बघायचा. घाईचं गिऱ्हाईकसुद्धा हसून परत जायचं.

दवाखान्यातून सासऱ्यांना परस्पर नणंदेकडे नेलं. चालायला लागेपर्यंत तिकडेच बरं, असं ठरलं. तिकडे जिना नव्हता, ही गोष्ट खरी होती. पण इकडेही त्यांना जिना चढावा लागत नसे. दुकानामागची उत्तरेची खोली त्यांची होती. जुनी दगडी फरशी, भर दुपारी पाऊल टाकलं तरी गार लागायची. त्यांच्या खाटेखाली मॅनेजर दुपारभर चारी पाय पसरून पडलेला असायचा.

तिने नेम धरला. प्रार्थना झाली की फणी घेऊन ती अंगणात बसे. वरचे लांब केस एका हाताने बाजूला करायचे, मुळाशी फणी घालायची आणि हलकेच ओढायची. आतून मऊ, राखाडी लोकर निघायची, पुंजकेच्या पुंजके. मॅनेजर डोळे मिटून घ्यायचा आणि संपत आलं की आपणहून दुसऱ्या कुशीवर व्हायचा. दुपारी सासऱ्यांचा फोन. “विंचरलंस का गं?”

“विंचरलं, बाबा.”

“निघते का लोकर?”

“एक उशी भरेल.”

“मग कर उशी. मला पाठव. इथल्या उशा दगडासारख्या आहेत.”

उन्हाळा चढला तसा नवऱ्याने कूलर आणला आणि तो सासऱ्यांच्या खोलीत बसवला. खाट उभी करून गच्चीवर टाकली. खोलीत लोखंडी दांडे लागले आणि इस्त्री झालेले कपडे तिथे टांगले जाऊ लागले. घामाचे हात लागून कपडे खराब होतात, गार खोलीत घड्या घातलेल्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. त्या घरात कोणी खोटं बोलतच नसे. खरं असायचं तेवढंच बोलायचं आणि उरलेलं गिळून टाकायचं, अशी रीत पडली होती.

कपड्यांना केस लागतील म्हणून मॅनेजरची रवानगी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. एका बाजूला बॉयलरची भिंत, वर तापलेला पत्रा.

त्याच सुमाराला एक वकील आपला काळा कोट घेऊन परत आले. कोट काउंटरवर पसरून त्यांनी बोट ठेवलं. “हे काय?”

“केस आहे साहेब,” इस्त्रीवाले काका बोलून गेले. “तुमच्याकडे नाही येणार तर कुणाकडे येणार?”

वकील हसले नाहीत. नवराही नाही. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, “अंगणात विंचरायचं बंद. लोकर उडून दोरीवरच्या चादरींना चिकटते.”

“मग गच्चीवर नेते.”

“ने. पण कामं खोळंबायला नकोत.”

चार दिवस तिने त्याला सकाळी गच्चीवर नेलं. मग एका हॉटेलचं काम आलं. उजाडायच्या आत चादरी गाडीत भरायच्या, आणि गाडी तीच चालवायची. आज राहिलं, उद्या दोन्ही वेळचं करू, असं करता करता फणी खिडकीत धूळ खात पडली. प्रार्थना मात्र चुकली नाही. देवापुढे बसायला तिला वेळ मिळत होता. देवाने दारात बांधलेल्या मुक्या जिवाला हात लावायला मिळत नव्हता. हे तिला कळत होतं, तरी दुपारी फोन आला की तोंडातून निघायचं, “विंचरलं, बाबा.”

हॉटेलात चादरी पोचवून एका सकाळी ती परतली तेव्हा मोरीपाशी पांढरा ढिगारा पडलेला होता. मॅनेजर नव्हता. तो धुलाईच्या यंत्रामागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. गुलाबी कातडी, दोन-तीन ठिकाणी ओरखडे, शेपटीच्या जागी नुसती दोरी. एवढा दांडगा कुत्रा, आतून इतकासा निघाला.

“बघ, कसा मोकळा झाला!” नवऱ्याच्या आवाजात कौतुक होतं. मेंढ्या कातरणारा माणूस त्याने मुद्दाम बोलावून आणला होता. “अगं, उन्हाळा लागला की लोक रजया आपल्याकडे टाकतात. आपण धुऊन, गुंडाळून परत देतो. मग यानेच का अंगावर घेऊन बसायचं?”

“बाबांनी सांगितलं होतं...”

“बाबा तिकडे आहेत. इथे बॉयलरशी मी आहे.” मग जरा नरमून म्हणाला, “त्याच्या भल्यासाठीच केलं गं. धापा टाकताना बघवत नव्हतं.”

ते तो मनापासून बोलत होता. म्हणून तर तिला भांडताही येईना.

इस्त्रीवाले काका हळूच म्हणाले, “कातरणारा म्हणत होता ताई, आत नुसत्या गाठी झाल्या होत्या. वाराच जात नव्हता. फणी लागली नव्हती ना बरेच दिवस.”

ती ढिगारा उचलायला वाकली आणि तिथेच बसून राहिली.

पाठीची कातडी उन्हाने आधी लाल झाली, मग सोलू लागली. ती सुती उशीचा अभ्रा भिजवून त्याच्या पाठीवर घालायची. फिरायला नेण्याआधी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघायची. हाताला सोसवत नसेल तर पंजालाही सोसवणार नाही, हे सासऱ्यांनीच शिकवलेलं. पण दुपारचं काय? सोडला की मॅनेजर उत्तरेच्या खोलीपाशी जायचा आणि बंद दारावर पंजा घासायचा. तो आवाज बाहेर काउंटरपर्यंत यायचा.

“अहो,” ती एकदा जेवताना म्हणाली, “कपड्यांना केस लागतात म्हणून बाहेर काढलात ना त्याला? आता केसच नाहीत. आता तरी झोपू द्या खोलीत. कूलर तसाही चालूच असतो.”

“वेड लागलंय का? काउंटरवरून आतलं सगळं दिसतं. त्याचं ध्यान बघितलंस? लोक म्हणतील, यांच्याकडे खरजुलं कुत्रं आहे, कपडे टाकायचे आणि खरूज घेऊन जायचं. असला मॅनेजर बसवू दुकानात?”

 केस होते तेव्हा केसांपायी बाहेर, आणि गेले तेव्हा नाहीत म्हणून बाहेर. 

दार सारखं घासतो म्हणून नवऱ्याने त्याला शेडमध्ये साखळीने बांधलं. त्याच दुपारी, ती काउंटरवर पावत्या लावत असताना, काका धावत आले. “ताई, मॅनेजर उठत नाही!”

तो कुशीवर पडला होता. जीभ काळपट लाल, तोंडातून दाट लाळ, श्वास करवतीसारखा. उठवायला गेलं तर मागचे पाय लटपटून खाली बसत. पाण्याचं भांडं पालथं पडलं होतं आणि सांडलेलं पाणी केव्हाच वाळून गेलं होतं. नवरा बर्फाची बादली घेऊन धावत आला. तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच, “बर्फ नको! साधं पाणी. पोट, जांघा, पंजे भिजवत राहा आणि वारा घाला. मी निघालोच.”

तिने एक चादर अंथरली. काकांनी आणि तिने मॅनेजरला तीवर घेतलं आणि ओढत उत्तरेच्या खोलीकडे नेलं. नवरा पुढे होऊन दार उघडून उभा राहिला.  वाट सोडण्याआधी त्याने टांगलेले कपडे मात्र दांड्यावरून बाजूला सरकवले. मॅनेजर उंबरठ्यावर होता, त्याची जीभ फरशीला लागली होती, आणि नवरा एकेक शर्ट नीट सारत होता.

डॉक्टर आले. सुई दिली, सलाईन लावलं. श्वास हळूहळू संथ झाला. उठताना त्यांनी त्या सोललेल्या पाठीवरून हात फिरवला. “हा उद्योग कुणाचा?”

नवऱ्याने कूलर आणखी जवळ ओढला.

“केस पहिल्यासारखे येतील असं सांगता येत नाही. आत्ता वाचला. पण अजून एक दुपार त्या शेडमध्ये काढली, तर मला बोलावू नका. मी येऊन काही होणार नाही.”

डॉक्टर गेले आणि फोन वाजला. सासऱ्यांचाच. नवऱ्याने घाईने उचलला. “मॅनेजर ना? झकास आहे! तुमच्याच खोलीत, कूलरपुढे लोळतोय.” शब्द न शब्द खरा होता. “घ्या, हिच्याशी बोला.”

“विंचरलंस का गं?”

मॅनेजरने तो आवाज ऐकला. मान उचलायला जमलं नाही, पण ती केस गेलेली दोरी फरशीवर एकदा आपटली.

“बाबा,” ती म्हणाली, “वन्संचा मागचा व्हरांडा गार असतो म्हणत होतात तुम्ही.”

“अगदी भर दुपारीसुद्धा. झाडं आहेत ना. पण का गं?”

“सहज विचारलं.”

संध्याकाळी नवरा खोलीच्या दारात टेकून उभा राहिला. “रात्री राहू दे इथे. उद्या दुपारी हॉटेलचा माल येईल, तेव्हा खोली लागेल मला. आणि हे बघ, बाबांच्या कानावर घालू नकोस. म्हातारपणी उगाच जिवाला घोर.”

“बाबा परत येणार आहेत ना?”

“येतील की. न यायला काय झालं?”

“झोपतील कुठे?”

 त्याने दांड्यावरचा एक शर्ट उगाच सरळ केला आणि जिना चढून गेला.

ती रात्रभर मॅनेजरपाशी बसली. उजाडायला लागल्यावर प्रार्थना केली. रोज ती काहीबाही मागायची, घराला बरकत, सासऱ्यांच्या पायात बळ. त्या दिवशी काही मागावंसं वाटलं नाही. मग पाण्याचा घोट घेतला, दोन चादरी भिजवून पिळल्या आणि गाडीच्या मागच्या भागात अंथरल्या. पाण्याचा डबा ठेवला. खिडकीतली फणी उचलली, पदराने पुसली, जरा विचार करून पिशवीत टाकली.

नवरा जिन्यात उभा होता. “गाडी कुठे चालवलीस? हॉटेलचा माल आणायचाय.”

“दुपारपर्यंत आणते गाडी.”

“आणि याला?”

“याला नाही.”

तो एक पायरी उतरला आणि थांबला. “ताईकडे नेतेस? तिला विचारलंस? ती घरात घेईल याला?”

“वाटेत विचारते.”

“बाबांना काय सांगणार?”

“आधी खोलीचं सांगेन. मग याचं. मग मी रोज फोनवर काय बोलत होते ते.”

“मन मोडेल गं त्यांचं.”

“हो,” ती म्हणाली. “मोडेल.”

तिने दार उघडलं. रस्त्यावर वाकून हाताची पालथी बाजू टेकवली. अजून गार होतं. मग ती मॅनेजरच्या पोटाखाली हात घालून त्याच्या चालीने, पावलापावलाने, गाडीकडे निघाली.